खडीत हरवलेला निळा रंग

कॉलेजच्या रस्त्यावर ज्या खडीवरून तुमची गाडी घसरते, ती एकदा हातात घेऊन बघा. काळी, खरखरीत, एकदम बोअर. पण तिच्यात एखादा पांढरा, चमकणारा ठिपका दिसला तर फेकू नका.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर पसरले. तो थंड होताना आतले वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. गुलाबीसर स्टिल्बाइट, सुयांच्या जुडीसारखं स्कोलेसाइट, हिरवट अपोफिलाइट. ओकेनाइट तर चक्क कापसाचा गोळा! (हात लावायचा मोह आवरा. ते केसासारखे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.)

या सगळ्यांत भाव खाऊन जातं ते कॅव्हनसाइट. रंग असा निळा, की कुणीतरी शाई सांडली असं वाटावं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांतून त्याचं नाव तयार झालं. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगभरचे संग्राहक नाव घेतात ते पुण्याजवळच्या वाघोलीचं. तिथेच पेंटागोनाइटही मिळालं. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, फक्त अणूंची रचना वेगळी. म्हणून खनिजं दोन!

गंमत म्हणा किंवा पंचाईत, ही पोकळी दिसते ती दगडखाणीत सुरुंग लागल्यावरच. आणि त्यानंतर कुणी वेळेत उचललं नाही, तर सगळा ऐवज क्रशरमध्ये. म्हणजे हा खजिना पहिल्यांदा पाहतो आणि वाचवतो तो खाणकामगार. परदेशी म्युझियमच्या काचेमागे खनिजाचं नाव असतं, गावाचं असतं. त्याचं मात्र क्वचितच. हे मला खटकतं.

तुम्हाला बघायचंय? सिन्नरचं गारगोटी म्युझियम गाठा. चालू खाणीत परवानगीशिवाय अजिबात घुसू नका. पण गावाकडे विहीर खोदत असतील, तर बाहेर काढलेल्या दगडांवर नजर टाका. काही सापडलं तर ॲसिडने धुवायच्या भानगडीत न पडता आधी चिठ्ठी चिकटवा, कारण ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याचं अभ्यासातलं मोल खूप घटतं. गाव, तारीख, किती फुटांवर मिळालं, आणि दगड कुणी काढून दिला त्याचं नाव.