कुत्र्यापासून मुलांना होणारा टॉक्सोकारा कृमीचा संसर्ग

पांढुर्णा-सौंसर भागातील सावरगावसारख्या गावात कुत्रा घराची व शेताची राखण करतो. त्याची पिल्ले अंगणात मुलांबरोबरच वाढतात. या सहवासातून टॉक्सोकारा कॅनिस या गोलकृमीचा संसर्ग मुलांना कसा होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्रीच्या शरीरातील अळ्या गर्भावस्थेतच पिल्लांत शिरतात; म्हणून लहान पिल्लांच्या विष्ठेत अंडी विपुल असतात. ताज्या विष्ठेतील अंडी मात्र संसर्गक्षम नसतात. मातीत साधारणतः २ ते ४ आठवड्यांत त्यांत अळी तयार होते व अशी अंडी अनेक महिने टिकतात. म्हणजेच विष्ठा मातीत मिसळून दिसेनाशी झाली तरी धोका संपत नाही, उलट वाढलेला असतो.

मातीने माखलेले हात तोंडात गेल्यास अळ्या आतड्यातून यकृत, फुफ्फुस किंवा डोळ्यापर्यंत पोहोचतात. १९५० मध्ये वाइल्डर यांना शस्त्रक्रियेने काढलेल्या मुलांच्या डोळ्यांत गोलकृमींच्या अळ्या आढळल्या. त्यांतील काही डोळे कर्करोगाच्या शंकेने काढलेले होते. माणसात ही अळी पूर्ण वाढत नाही. त्यामुळे शौचाच्या तपासणीत अंडी सापडत नाहीत. निदानासाठी रक्ततपासणी करावी लागते.

यावर उपाय सोपे आहेत. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. विष्ठा रोज उचलून, मुले खेळत नाहीत अशा जागी खोल पुरावी. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. कुत्र्याला हाकलण्याची गरज नाही. अंगण वेळेवर स्वच्छ ठेवणे पुरेसे महत्त्वाचे आहे.