बारा मीटरची सळई आणि नववी रिंग

बांधकामाचा राडारोडा ट्रॅक्टरमध्ये भरताना दिसतो खरा, पण त्यातला बराचसा कागदावरच ठरून गेलेला असतो. लोखंडाच्या बाबतीत तर हे मिलिमीटरमध्ये दाखवता येतं.

सळई साधारण १२ मीटर लांब येते. ३०० बाय ४५० मिलिमीटरचा कॉलम घ्या. कव्हर, म्हणजे रिंगेबाहेरचा काँक्रीटचा थर, ४०; उभ्या सळ्यांना वेढणारी रिंग ८ मिलिमीटरची. रिंगेच्या बाजू बाहेरून २२० आणि ३७० भरतात, म्हणजे चारही मिळून ११८०. दोन हुकांना सळईच्या जाडीच्या दहापट, म्हणजे ८०-८०. बेरीज १३४०. घाईतला फिटर हाच आकडा धरून कापायला बसतो आणि एका सळईत आठ रिंगा काढतो.

पण कोपऱ्यात सळई काटकोनात मोडत नाही, गोलाई घेत आतून जाते. म्हणून ९० अंशांच्या प्रत्येक वाकाला जाडीच्या दुप्पट आणि १३५ अंशांच्या हुकाला तिप्पट वजा करायची रीत आहे. तीन वाक आणि दोन हुक मिळून ९६ मिलिमीटर जातात, उरतात १२४४. आता त्याच सळईत नऊ रिंगा बसतात. गंमत म्हणजे, आठ रिंगांच्या हिशेबात भंगारात गेलेला १.२८ मीटरचा तुकडा हीच ती नववी रिंग! हजार रिंगांमागे १२५ऐवजी ११२ सळ्या, म्हणजे साठ किलोच्या वर लोखंड वाचलं.

दुसरी गोष्ट जोडीची. १६ मिलिमीटरच्या साडेतीन मीटरच्या ६० आणि पाच मीटरच्या ३० सळ्या हव्या आहेत. वेगवेगळ्या कापल्या तर २० आणि १५, एकूण ३५ लागतात; तुकडे उरतात ६० मीटरचे, वजनात ९५ किलोंच्या आसपास. साडेतीनचे दोन आणि पाचचा एक असे एकाच सळईतून काढले, तर ३० सळ्यांत काम संपतं आणि काहीच उरत नाही. त्यासाठी सगळ्या लांब्यांची यादी, म्हणजे बारबेंडिंग शेड्यूल, कटर सुरू होण्याआधी हातात हवं. ते पुष्कळदा बिलासाठी मागाहून बनतं, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथंच होतं. उरलेच तुकडे तर जाडीप्रमाणे वेगळे रचावेत. स्लॅबमधली वरची सळई उचलून धरणाऱ्या चेअर त्यातूनच निघतात.

सिमेंटचा मसाला पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. गिलावा करताना खाली गोणपाट अंथरलं की सांडलेला लगेच उचलता येतो. लाइटच्या पाइपांच्या जागा वीटकामाआधी ठरल्या, तर नव्या भिंतीत पुन्हा झिऱ्या माराव्या लागत नाहीत.

एवढं करूनही राडारोडा निघतोच. २०१६च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांपुढे तो निर्माण करणाऱ्यांवर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करण्याची जबाबदारी टाकली. लहान साइटनेही तसंच करावं. स्वच्छ काँक्रीट भरडून त्याची खडी होते, आणि आयएस ३८३च्या २०१६च्या आवृत्तीनुसार एम २५पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्येही ती २० टक्क्यांपर्यंत चालते. मात्र फॉल्स सीलिंगचं पीओपी त्या ढिगात पडू देऊ नये. त्यातलं सल्फेट नव्या काँक्रीटला फुगवून तडे पाडतं.