‘शिकार’ आणि ‘अभयारण्य’ : दोन शब्दांची व्याप्ती

भुसावळच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत असलेले सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. एकोणिसाव्या शतकातील खानदेश मात्र शिकारीसाठी प्रसिद्ध होता; येथे १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमची ख्याती वाघांचा शिकारी म्हणूनही होती. शिकारीच्या मुलखाचे अभयारण्य झाले, तेव्हा या दोन शब्दांचे अर्थही तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

संस्कृतातील ‘मृग’ हा शब्द मूळचा कोणत्याही वन्य पशूचा वाचक. ‘मृगेंद्र’ या शब्दात तो अर्थ अद्याप टिकून आहे. ‘मृगया’ मागे पडून मराठीत फारसी ‘शिकार’ रुळला. तो क्रियेचा वाचक आहे, तसाच मारलेल्या प्राण्याचाही. व्यवहारात त्याचा अर्थ मारण्यापुरताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मात्र तो पुष्कळ विस्तारला. विष घालणे, पकडणे, फासे लावणे, हाका घालणे, आमिष ठेवणे, किंबहुना पक्ष्यांची घरटी विस्कटणे हीदेखील शिकारच होय. प्रारंभी काही प्राण्यांची शिकार परवान्याने करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. मनुष्याच्या जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्यांविषयीचा अपवाद कलम ११ मध्ये आहे.

या व्याख्येचा पर्यटनाशी निकटचा संबंध आहे. कलम २८ अन्वये पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेश मिळू शकतो. परंतु वाघ दिसावा म्हणून आमिष बांधले, तर बंदूक नसूनही ती शिकारच ठरते. शिकारी आणि प्रेक्षक यांच्या हेतूंत भेद असतो. प्राण्याला होणाऱ्या उपद्रवात तो नेहमीच असतो असे नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास २०१२ साली २० टक्के क्षेत्राची मर्यादा घालण्यात आली, ती याच जाणिवेने.

तिसरा पक्ष वनवासी पावरा व तडवी समाजांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, चराई इत्यादी हक्क मान्य केले; शिकारीचा हक्क मात्र वगळला. म्हणजे रहिवाशाने पारंपरिक शिकार सोडावयाची आणि पाहुण्याने केवळ पाहावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. दोघांचा त्याग सारखा नाही. पर्यटकाचा मार्ग व वेळ आवरता येते. रहिवाशाची उपजीविका तशी आवरता येत नाही. म्हणून निर्बंधाचा प्रसंग येईल, तेव्हा तो प्रथम पर्यटनावर पडणे न्याय्य होय. ‘अभय’ हे पद पशूंपुरतेच राहिले, तर अरण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांना तो शब्द परकाच वाटत राहील.