सूत, खळ आणि आपली साखर



मागल्या महिन्यात लग्नकार्यासाठी आमचे भिवंडीस जाणे झाले. तिथे सायझिंगचे काम पाहिले. मागावर उभा धागा तुटू नये म्हणून सुताला आधी स्टार्चची खळ देतात. एवढ्यात चहा आला, आणि मनात आले की सूत, खळ व कपातली साखर ही एकाच कुळातली भावंडे. तिन्हींत मूलद्रव्ये तीच: कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू. फरक फक्त जोडणीचा.

ग्लुकोजचे कण एका तऱ्हेने ओवले की स्टार्च होतो, दुसऱ्या तऱ्हेने ओवले की कापसातले सेल्युलोज. म्हणून भाकरी पचते, सदरा पचत नाही! (गाईच्या पोटातले जंतू तो दुसरा दुवाही तोडतात, म्हणून तिला वाढे चालते.)

साखरेत दोनच कण, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, एका दुव्याने बांधलेले. ५० किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो कर्ब, २६ किलो प्राणवायू आणि ३ किलो हायड्रोजन. कर्ब हवेतला, हायड्रोजन पाण्यातला. तुम्ही घातलेले नत्र, स्फुरद, पालाश साखरेच्या दाण्यात नाही. नत्र पानात बरेच राहते. पाचट पेटवले की ते धुरावाटे जाते.

आता मुद्द्याचे. ऊस तोडला की उसातलेच इन्व्हर्टेज नावाचे विकर पाण्याच्या मदतीने तो दुवा तोडू लागते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. "साहेब, ऊस तर गोड लागतोय, मग उतारा का पडला?" असे सभासद विचारतात. गोड लागणारच! पण सुट्या कणांची दाणेदार साखर बनत नाही, ती मळीत जाते. उन्हात पडलेल्या आणि जळालेल्या उसात हे फार झपाट्याने होते. एफआरपी उताऱ्यावर ठरते, तेव्हा एकाच्या शिळ्या उसाचा फटका सगळ्यांना बसतो.

तेव्हा तोडणीची चिठ्ठी आल्याशिवाय फडाला कोयता लावू नये. मोळ्या पाचटाने झाकाव्यात आणि ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडावा. वाहनच येत नाही, ही तक्रार पुष्कळदा खरी असते, ते आम्ही जाणतो. अशा वेळी मोळ्या पडू देऊ नका, त्याच दिवशी गट ऑफिसात निरोप द्या.

— ऊस विकास अधिकारी