मनाचा वैद्य कसा पारखावा

गुंठाभर जमीन घ्यावयाची झाली तरी आपल्याकडील गृहस्थ सात-बाऱ्याचा उतारा पाहतो, तलाठ्याकडे जाऊन फेरफार तपासतो, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याजवळ आडून चौकशी करतो आणि मगच बयाण्याची रक्कम हातावर ठेवतो. परंतु घरातील कोणावर एखादा दारुण प्रसंग गुदरून त्या माणसाची महिनोन्‌महिने झोप उडालेली असते, तेव्हा तोच गृहस्थ कोणी तरी जाता जाता सांगितलेल्या पहिल्या नावाकडे डोळे मिटून जातो, आणि पहिल्या भेटीत मन विटले की ‘हे समुपदेशन वगैरे आपल्या लोकांना मानवत नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. मानवत नाही ते बहुधा समुपदेशन नसते. मानवत नाही तो तो विशिष्ट समुपदेशक. मनोपचारात औषधापेक्षा माणसाचा वाटा मोठा असल्यामुळे येथे पारख अधिक काटेकोर हवी, आणि ती करण्याचा अधिकार दुखणाइताला आहे, हे आपल्या समाजाने अद्याप मनावर घेतलेले नाही.

आघातामुळे मनाला जडणारी व्याधी वैद्यकाने स्वतंत्रपणे मान्य केली त्यास फार काळ लोटलेला नाही. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची दशा पाहून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या व्याधिसूचीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव दाखल केले. पुढे १९९२ साली ज्युडिथ हर्मन या विदुषीने, रणांगणावरून आलेला सैनिक आणि स्वतःच्या घरात वर्षानुवर्षे मार खाणारी स्त्री यांची लक्षणे शेजारी शेजारी ठेवून, दोघांची जखम एकाच जातकुळीची आहे असे दाखवून दिले. आणि दीर्घकाळ, पुनःपुन्हा सोसाव्या लागलेल्या अत्याचारातून उद्भवणाऱ्या अधिक गुंतागुंतीच्या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या सूचीत वेगळे स्थान मिळाले. महाराष्ट्राला यांतील कोणतीच गोष्ट परकी नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे भुईसपाट झाली, २०१४ च्या जुलैत माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले, ही दुःखे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली. परंतु ज्यांचा पंचनामा होत नाही असे आघात संख्येने कितीतरी अधिक आहेत. नात्यातल्याच माणसाने कुस्करलेले बालपण, कर्जापायी नवऱ्याने जीव दिल्यावर सासरच्या उंबऱ्यावर अपराध्यासारखी उभी राहिलेली बाई, वसतिगृहात जातीवरून रोज होणारा पाणउतारा, ही त्यांतील काही. अशी माणसे वैद्याकडे येतात तेव्हा ‘मला आघात झाला आहे’ असे कधीच म्हणत नाहीत. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो, दार वाजले की दचकायला होते, अशीच त्यांची कैफियत असते. आणि रक्त, लघवी, हृदयाचा आलेख हे सारे निर्दोष निघाल्यावर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असा दाखला घेऊन ती परततात.

तेव्हा पहिली पारख ही, की समोरचा मनोपचारक त्या माणसाला बोलते कसे करतो. दुःख एकदा भडाभडा बाहेर पडले की मन हलके होते, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि ती काही काळ शास्त्रातही होती. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेचच सर्वांना एकत्र बसवून घडलेल्या प्रसंगाची एकाच बैठकीत इत्थंभूत उजळणी करवून घेण्याची पद्धत १९८० नंतर पुष्कळ देशांत रूढ झाली होती. पुढे तिच्या परिणामांचा पद्धतशीर पडताळा घेतला गेला, तेव्हा तिने व्याधी टळते याला आधार सापडला नाही, उलट काहींना अपायच झाल्याचे दिसले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती बाजूस सारून केवळ धीर, आसरा, अन्नपाणी आणि आप्तांची गाठ घालून देणाऱ्या मानसिक प्रथमोपचाराचा पुरस्कार केला. हर्मनबाईंनी बरे होण्याच्या वाटेवर तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडले जाणे. जो उपचारक पहिल्याच तासाला फौजदाराने जबानी घ्यावी तसा ‘नेमके काय झाले, कोठे झाले, कोणी केले’ असा सपाटा लावतो, त्याला हा क्रम ठाऊक नाही असे खुशाल समजावे. जाणता मनोपचारक आधी आज रात्री झोपावयाला सुरक्षित जागा आहे की नाही, घरात त्रास देणारी व्यक्ती अजून आहे काय, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे विचारतो. दार उघडे ठेवू की लावू, हेही विचारतो. आणि सांगावयाचे किती, केव्हा, कोणत्या शब्दांत, हे सारे सांगणाराच्या मर्जीवर सोडतो. ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या हातून सर्वांत आधी काय हिरावले गेलेले असते, तर स्वतःच्या देहावरील आणि निर्णयावरील हुकमत. उपचाराच्या खोलीत तीच पुन्हा हिरावली गेली तर त्या उपचाराला उपचार का म्हणावे?

दुसरी पारख अधिक अवघड आहे, कारण ‘आमची संस्कृती समजणारा’ उपचारक हवा असे म्हणताना आपल्या मनात नेमके काय असते, याचा आपणच विचार केलेला नसतो. पुष्कळांच्या मनात अशी मूर्ती असते, की तो मराठी बोलेल, वडीलधाऱ्यांचा मान राखील, आणि सासरहून माहेरी आलेल्या मुलीची समजूत घालून तिला परत धाडील. माझ्या मते हे संस्कृतीचे भान नव्हे; ही रूढीची वकिली झाली. संस्कृती म्हणजे घरातील सर्वांत वजनदार माणसाचे मत नव्हे. त्याच घरात, त्याच देव्हाऱ्यासमोर बसणाऱ्या सुनेची, विधवा आत्याची आणि अबोल धाकट्या मुलाची संस्कृती निराळी असू शकते. सांस्कृतिक भान असलेला उपचारक गृहीत धरत नाही, विचारतो. १९८० च्या सुमारास आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने वैद्यांना शिकवलेले काही साधे प्रश्न आजही उपयोगी पडतात: तुम्ही या त्रासाला काय म्हणता, तो कशामुळे आला असे तुम्हाला वाटते, त्यात सर्वांत अधिक भीती कशाची वाटते, आणि कोणता इलाज व्हावा असे तुम्हाला वाटते. या प्रश्नांना ‘बाहेरची बाधा’ असे उत्तर आले तरी जो हसत नाही, आणि तेवढ्यावर चौकशी थांबवीतही नाही, तो माणूस कामाचा.

बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यात वर्षानुवर्षे सर्व धर्मांची पीडित माणसे आसऱ्याला येतात. कोणी खंडोबाला नवस बोलतात, कोणी देवऋष्याकडे जातात. या साऱ्याची टवाळी करणारा डॉक्टर रुग्णाची निम्मी हकिकत ऐकण्याआधीच गमावून बसतो. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुव्याबरोबर दवा देण्याचा जो उपक्रम उभा राहिला, त्याने श्रद्धेशी भांडण न मांडताही वैद्यक तेथवर पोहोचू शकते हे दाखवले. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण होत असेल, साखळदंडाने बांधले जात असेल, तर तेथे आदराची बात उरत नाही; महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवलेला आहे.

आणि जात. आपल्या प्रांतात आडनाव उच्चारताच उपचारकाला पुष्कळ काही कळून चुकते, आणि समोर बसलेल्यालाही ते कळले आहे हे कळते. मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याहून पुण्याच्या महाविद्यालयात आलेला मुलगा वर्गातील अवहेलनेविषयी बोलू लागला आणि उपचारक ‘आता जातपात कोठे राहिली आहे, तू फार मनाला लावून घेतोस’ असे म्हणाला, तर त्या वाक्यासरशी ते समुपदेशन संपलेले असते. फीच्या पावत्या पुढे कितीही फाटोत. भिवंडीतील मुसलमान कुटुंब, फासेपारधी वस्तीवरील बाई, आपल्या मनाचा कल घरी सांगू न शकणारा समलिंगी तरुण, यांच्या बाबतीतही तेच. उपचारक त्यांच्याच जातीधर्माचा असलाच पाहिजे असे नाही, कधी कधी तर आपल्याच बिरादरीतला माणूस नको असतो, कारण बातमी फुटण्याची धास्ती वाटते. त्याने आपले अज्ञान झाकू नये आणि दुसऱ्याचा अनुभव खोटा पाडू नये, एवढे पुरे.

राहिला कुटुंबाचा प्रश्न, आणि आपल्याकडे तोच सर्वांत नाजूक. पाश्चात्त्य पद्धतीत दुखणाईत एकटा दाराआड बसतो. आपल्याकडे त्याच्याबरोबर आई, भाऊ आणि कधी कधी मामाही येतात. यात केवळ अडचणच आहे असे नाही. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहण्याची मुभा दिली, त्यांना शुश्रूषेत सहभागी करून घेतले, आणि कुटुंब हे उपचाराचे साधन होऊ शकते हे साऱ्या देशाला दाखवले. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू-चेला नात्याचा दाखला देऊन असे प्रतिपादन केले, की या भूमीतला रुग्ण उपचारकाकडून तटस्थपणाची नव्हे, तर वडीलकीच्या आधाराची अपेक्षा धरून येतो. व्यसनाच्या बाबतीत पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने, १९८६ साली सुरू झाल्यापासून, रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचेही दुखणे आपलेच मानले, हे मराठी वाचकाला सांगावयास नकोच.

पण जखम घरातच झालेली असेल तर? तेव्हा हाच तंबू पिंजरा होतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र उघडले, त्यामागचा विचार येथे पथदर्शक आहे. भाजलेली, विष प्यालेली, ‘पायऱ्यांवरून पडले’ असे सांगणारी बाई रुग्णालयात येतेच. तिला नवऱ्यापासून, सासूपासून बाजूला घेऊन, दोष तिच्या माथी न मारता विचारावयाचे, तिच्या सुरक्षिततेची तजवीज तिच्याच सल्ल्याने करावयाची, आणि घर सोड किंवा सोडू नको असा हुकूम मात्र द्यावयाचा नाही. तेव्हा कुटुंबासाठी उपचारक शोधताना हे स्पष्ट विचारून घ्यावे, की आपण प्रत्येकाशी वेगळे बोलाल काय, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या कानी जाणार नाही याची हमी काय. जेथे मारहाण चालू आहे तेथे पतिपत्नींना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवून ‘दोघांनीही थोडे थोडे समजून घ्या’ म्हणणारा उपचारक टाळावा, कारण त्या बैठकीत तिने उच्चारलेल्या प्रत्येक खऱ्या शब्दाची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते.

आता कागदपत्रांचा भाग, जो रूक्ष आहे परंतु चुकवता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा एम. बी. बी. एस. नंतर त्या विषयात पदवी वा पदविका घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध देण्याचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते आणि ते पडताळून पाहता येते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र एम. ए. झालेला अनुभवी माणूसही लावतो आणि आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणाराही. म्हणून शिक्षण कोठे झाले, आघातग्रस्तांबरोबर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण कोणते घेतले, आपल्या कामाविषयी कोणा ज्येष्ठाचे मार्गदर्शन घेता काय, फी किती आणि कमी होऊ शकते काय, हे पहिल्या फोनवर विचारण्यात उद्धटपणा नाही. या प्रश्नांनी जो दुखावतो त्याच्याकडे न गेलेले बरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला खटल्यापासून संरक्षणही दिले आहे. परंतु बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि प्रामाणिक उपचारक ही मर्यादा तुम्ही तोंड उघडण्यापूर्वी सांगतो, नंतर नव्हे. परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की अमेरिकेत उपचारकाचा परवाना राज्यागणिक असतो. पुण्याहून पडद्यावर बोलणारी मराठी ताई कितीही आपली वाटली तरी तिकडच्या अडीअडचणीत तिला तेथे कायद्याने हस्तक्षेप करता येईलच असे नाही.

हे सारे वाचून तालुक्याच्या गावचा वाचक म्हणेल, की निवड करावयाला आमच्याकडे आहे कोण? त्याचे म्हणणे खोटे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत शंभरातील सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचाराविनाच राहत असल्याचे आढळले, आणि शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये अवघ्या महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच आहेत. तरीही जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी सेवा आणि ठाण्याची आय. पी. एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था यांच्याकडे विचारणा करावी. आणि तीन-चार भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल तर उपचारकाला तसे सांगून दुसऱ्याचे नाव मागावे, चांगला उपचारक ते स्वतःहून देतो. मात्र जिवाला धोका असेल तेव्हा पारख करीत बसू नये. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, रात्रंदिवस आणि मराठीतही मिळते.