घुमटाचा रेटा आणि त्याचा प्रतिकार

जुन्या इमारतींचें वर्णन करितांना आपले संशोधक शिलालेख, कर्ता, काल आणि नक्षी यांची नोंद काळजीपूर्वक करतात. पण ती इमारत आजवर उभी कशी राहिली, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाहीं. मुंबई-आग्रा मार्गावरील पिंपळगांव बसवंत येथून नाशिककडे व पुढें सिन्नरकडे जाणाऱ्या अभ्यासकास या प्रश्नाचीं दोन भिन्न उत्तरें एकाच प्रवासांत भेटतात. सिन्नरचें गोंदेश्वर मंदिर यादवकालीन परंपरेंतलें. नाशिकचें सुंदरनारायण मंदिर गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं १७५६ मध्यें बांधविलेलें, व त्याच्या द्वारमंडपांवर मुसलमानी धर्तीचे घुमट आहेत. या दोन परंपरांमध्यें दगड एकमेकांस धरून ठेवण्याची रीतच निराळी आहे. हा भेद काय, आणि त्याचें ज्ञान जुन्या वास्तूंच्या रक्षणास कसें उपयोगी पडतें, हें सांगणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिल्या परंपरेचें सुंदर उदाहरण म्हणजे अंबरनाथच्या शिवालयांतील सभामंडपाचें छत. मंदिरांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. अशा छतांत दगडाचे थर आडवेच बसविलेले असून प्रत्येक थर खालच्या थरापेक्षां थोडा पुढें काढलेला असतो. वर्तुळ लहान होत होत शेवटीं एका शिळेनें मिटतें. येथें दगडाचें पुढें आलेलें टोंक खालीं झुकूं पाहतें व त्याच्या मागील टोंकावरचें वजन तें दाबून धरतें. बाहेरच्या बाजूस ढकलणारा जोर येथें नाममात्र असतो. भय असतें तें मागचें वजन कमी होण्याचें. म्हणून अशा मंडपाच्या माथ्यावरील भर निरुपयोगी समजून उतरविणें म्हणजे छताचा तोल काढून घेणें होय.

दुसऱ्या रीतींत, म्हणजे खऱ्या घुमटांत, विटा किंवा दगड एकमेकांवर रेलून उभे असतात. शेतांत कडब्याच्या पेंढ्या एकमेकींस टेकवून उभ्या करतात, तेव्हां त्यांचीं बुडें बाहेर सरकूं पाहतात. तसेंच घुमटाचें बूड बाहेर फांकूं पाहतें. यासच रेटा म्हणावें. हा रेटा घुमट नवा असतां जेवढा असतो, तेवढाच तीनशें वर्षांनींही असतो. त्यास विश्रांति नाहीं. म्हणून त्यास अडविणाऱ्या भागासही विश्रांति मिळतां कामा नये.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७५ मध्यें या विषयाचें मूलतत्त्व सुचविलें. दोन टोंकांस धरून लोंबत सोडलेली सांखळी जो आकार घेते, तोच उलटा केला असतां कमानीस योग्य असा आकार मिळतो. कारण सांखळींत केवळ ताण असतो, व उलट्या आकारांत त्याच जागीं केवळ दाब येतो. दगड व चुना दाब उत्तम सोसतात, ताण मात्र फारसा सोसत नाहींत. अर्धगोल घुमट या आदर्श आकारापासून भिन्न असल्यानें त्याच्या वरच्या व खालच्या भागांची स्थिति वेगळी होते. माथ्यापासून सुमारें ५२ अंशांपर्यंत प्रत्येक आडवें कडें दाबांत असतें. त्याखालीं तेंच कडें ताणांत येतें. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव जें काम करते, तें काम येथें विटांनीं व चुन्यानें करावें अशी अपेक्षा असते. तें त्यांस फार काळ साधत नाहीं, व बुडापासून वर जाणाऱ्या उभ्या भेगा पडतात.

अशा भेगांचा अर्थ लावण्याचा प्रसंग रोम येथील सेंट पीटरच्या मंदिरावर आला होता. पोलेनी या इटालियन पंडितानें घुमट संत्र्याच्या फोडींप्रमाणें ५० भागांत विभागलेला कल्पून, सांखळीवर कमीअधिक वजनाचे ३२ गोळे लोंबवून रेट्याची रेषा काढली व ती बांधकामाच्या जाडीच्या आंतच राहते असें दाखविलें. त्याचा ग्रंथ १७४८ मध्यें प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीं १७४३-४४ मध्यें घुमटाभोंवतीं लोखंडाचीं पांच नवीं कडीं घालण्यांत आलीं होतीं. यावरून दोन गोष्टी निघतात: उभी भेग पडली म्हणजे घुमट पडलाच असें नव्हे, आणि उपाय करावयाचा तो बुडाचें फांकणें थांबविण्याचा. याच्या उलट उदाहरण कॉन्स्टँटिनोपलच्या आयासोफियाचें. ५३७ मध्यें पुरा झालेला तिचा पहिला घुमट चपटा, म्हणून अधिक रेट्याचा होता. भूकंपांनंतर ५५८ मध्यें तो कोसळला, आणि पुन्हां बांधितांना त्याची उंची सुमारें वीस फूट वाढविण्यांत आली.

आपल्या भागांत या शास्त्राची सर्वांत मोठी कसोटी म्हणजे विजापूरचा गोल घुमट, १६५६ मध्यें निवर्तलेल्या महंमद आदिलशहाची कबर. जेम्स फर्ग्युसननें १८७६ च्या आपल्या ग्रंथांत दिलेलीं मापें अशीं: आंतील दालन १३५ फूट चौरस, म्हणजे क्षेत्र १८,२२५ चौरस फूट, ५७ फूट उंचीपासून दालन आंत आखडत जाऊन वर ९७ फूट व्यासाचें वर्तुळ उरतें, त्या बैठकीवर १२४ फूट आंतल्या व्यासाचा घुमट, जाडी सुमारें १० फूट. घुमटाचा माथा आंतून १७५ फूट उंच आहे.

या आंकड्यांवरून हिशेब करून पाहावा. जाडीच्या मध्यावर त्रिज्या सुमारें ६७ फूट व विटकामाचें वजन घनफुटास १२० पौंड धरल्यास अर्धगोलाचें वजन सुमारें १५,००० टन भरतें. तरीही माथ्याजवळ दाब दर चौरस इंचास सुमारें २८ पौंड व बुडाशीं सुमारें ५६ पौंडच येतो. चांगली वीट याच्या कित्येक पट दाब सोसते. तेव्हां घुमट चिरडून पडण्याची भीति नाहीं. मात्र बुडाच्या कड्यांतील ताणही तेवढाच, ५६ पौंड, येतो. आणि चुन्याच्या सांध्यानें हा ताण शतकानुशतकें सोसावा असा भरंवसा धरतां येत नाहीं.

भेगा पडल्या असें धरूनही घुमट टिकेल काय? बूड स्थिर असेल तर टिकेल. अर्धगोल घुमटाची जाडी त्रिज्येच्या सुमारें ४.२ टक्क्यांहून कमी नसावी, असें जॅक हेमन या अभियंत्यानें १९६७ मध्यें गणितानें दाखविलें. येथें ती सुमारें १५ टक्के आहे. म्हणजे खरा प्रश्न घुमटाचा नसून त्याच्या बैठकीचा आहे, आणि बांधणाऱ्यांचें चातुर्य दिसतें तेंही तेथेंच.

चौरस दालनाचे कोपरे मिटविण्यासाठीं तेथें एकमेकींस छेदून जाणाऱ्या आठ कमानी घातल्या आहेत. त्यांच्या छेदांतून बांधकामाचा एक जड पट्टा सर्वत्र आंत झुकलेला तयार झाला आहे. घुमटाची आंतील कड मध्यापासून ६२ फुटांवर आहे, तर पट्ट्याची आंतील कड ४८॥ फुटांवर. म्हणजे सुमारें १३॥ फूट रुंदीचें ओझें घुमटाच्या बुडाच्या आंत लोंबतें आहे. प्रतिध्वनीसाठीं प्रसिद्ध असलेली गॅलरी ती हीच. घुमट बाहेर रेटतो, हें ओझें आंत झुकतें. आणि वर्तुळाकार असल्यामुळें तें आंत पडूंही शकत नाहीं, कारण प्रत्येक भाग शेजारच्यास अडवितो. फर्ग्युसनची उपपत्ति थोडक्यांत हीच. घुमट म्हणजे वीट व चुना यांचा एकजीव झालेला कटोराच आहे, असेंही दुसरें स्पष्टीकरण देतां येईल. वरील हिशेब पाहतां चुन्याच्या चिकटपणानें साहाय्य केलें असेल, पण अखेरचा आधार कोपऱ्यांतील वजनाचा व भिंतींचाच, असें मानणें अधिक सयुक्तिक वाटतें.

गांवोगांवच्या समाध्या, छत्र्या, दर्गे व मंदिरें यांच्या लहान घुमटांस हाच नियम लागू आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत बुडाशीं नवी खिडकी फोडणें, बाजूची पडवी अडगळ म्हणून पाडणें, गंजलेला लोखंडी पट्टा विद्रूप म्हणून काढून टाकणें, किंवा भेग वरवर सिमेंटनें बुजवून गिलावा करणें, हीं कामें सद्भावनेनेंच होतात; पण पहिल्या तिहींनीं रेट्याचा प्रतिकार नाहींसा होतो, व चौथ्यानें संकटाची खूण झांकली जाते. घुमट बहुधा माथ्याच्या दोषानें पडत नाहीं. त्याचें बूड सरकतें, म्हणून तो पडतो.

यास्तव घुमटाच्या वास्तूचें टिपण करितांना अभ्यासकांनीं नेहमींच्या माहितीबरोबर पुढील गोष्टीही लिहून ठेवाव्या: आंतला व्यास, उंची व जाडी, थर आडवे आहेत कीं केंद्राकडे कललेले, भेगा उभ्या कीं आडव्या, त्या कोठून निघून कोठें संपतात, भिंती ओळंब्यांत आहेत कीं बाहेर कलल्या आहेत. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख घालावी. पट्टी तडकली तर भेग वाढत आहे असें समजावें, व जाणत्या अभियंत्यास दाखवावें. ज्यांच्या संग्रहीं बांधकामाच्या खर्चाच्या मोडी यादी असतील, त्यांनीं चुना व वीट यांच्या आंकड्यांबरोबर लोखंड व शिसें यांच्या नोंदीही वगळूं नयेत; भिंतीच्या पोटांत दडलेल्या पट्ट्याचा तोच एक पुरावा असूं शकेल. घुमट पडल्यावर त्याच्या नक्षीचें वर्णन कागदावर उरेल, पण तो कसा उभा होता हें सांगणारा पुरावा मात्र ढिगाऱ्यांत जाईल.