ऐंशीनंतर हृदयाची झडप

पेढीवर रोज पायी जाणारे वडील एकाएकी रिक्षा मागवू लागतात. देरासराच्या किंवा स्थानकाच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून कठड्याचा आधार घेतात. घरातील मंडळी म्हणतात, ‘आता वय झाले.’ पुष्कळदा ते खरेही असते; परंतु कधी कधी त्याचे कारण महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेत असते. तीन पातळ पाकळ्यांची ही झडप उतारवयात कॅल्शियम साचून कडक होते, तिचे तोंड आक्रसते आणि रक्त पुढे ढकलताना हृदय थकू लागते. चढताना दम लागणे, छातीत दडपण येणे आणि भोवळ येऊन पडणे ही तिची ठळक लक्षणे होत. इको तपासणीत निदान होते.

कडक झालेली झडप औषधाने मोकळी होत नाही. गोळ्यांनी पायांची सूज उतरते, दम थोडा कमी होतो, इतकेच. झडप बदलायची तर पूर्वी छाती उघडण्यावाचून मार्ग नव्हता आणि ऐंशीच्या पुढील अनेकांना शल्यविशारद नकारच देत. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआं येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी घडी घातलेली झडप रक्तवाहिनीतून नेऊन हृदयात बसवली. तीच आजची ‘टावी’ पद्धत. आता बहुतेक वेळा जांघेतील धमनीतून ती केली जाते.

अतिवृद्धांना हिचा लाभ किती? अमेरिकेसह काही देशांत झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात शस्त्रक्रिया अशक्य ठरलेले ३५८ रुग्ण होते. सरासरी वय ८३. वर्षभरात केवळ औषधे व पारंपरिक उपचार घेणाऱ्यांपैकी ५०.७ टक्के दगावले, टावी झालेल्यांपैकी ३०.७ टक्के. जे वाचले त्यांचा दमही बराच कमी झाला. मात्र पहिल्या तीस दिवसांत मोठ्या पक्षाघाताचे प्रमाण टावीच्या गटात ५ टक्के होते, दुसऱ्या गटात सुमारे १ टक्का. पाच वर्षांनी टावीच्या गटातीलही शंभरांत सुमारे ७२ जण हयात नव्हते. दुसऱ्या गटातील सुमारे ९४. व्यापारी माणूस ताळेबंदाच्या दोन्ही बाजू वाचतो. येथेही तसेच वाचावे. हे रुग्ण दीड दशकापूर्वीचे आहेत. झडपा व हातोटी दोन्ही पुढे सुधारल्या.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या गटात जोखीम मोठी, पण शस्त्रक्रिया शक्य, असे ६९९ रुग्ण होते. तेथे वर्षाअखेर मृत्यूचे प्रमाण टावीत २४.२ आणि छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत २६.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. फरक पडतो तो बरे होण्याच्या काळात: छातीचे हाड सांधायला आठवडे लागतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची पायांतील शक्ती फार लवकर ओसरते.

माझ्या मते वयाच्या आकड्यापेक्षा जर्जरता महत्त्वाची. साधे पाच मीटर अंतर चालायला सहा किंवा अधिक सेकंद लागत असतील, तर डॉक्टर सावध होतात. स्मृतिभ्रंश, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे, उतरत चाललेले वजन यांपैकी कशावरही नवी झडप हा इलाज नव्हे. अशा वेळी ‘काहीतरी करा’ हा आग्रह बहुधा मुलांचा असतो. वडिलांना कोणी विचारलेलेच नसते.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो आणि तो बहुधा शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री निघतो: झडप कशाची? टावीसाठी आज सर्रास वापरात असलेल्या झडपा गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून बनतात. गुजरातेत वापी येथे तयार होणारी मायव्हलही गोवंशीय आवरणाचीच. धातू-कार्बनच्या यांत्रिक झडपा आहेत. आपल्याच देशात, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली झडप १९९० पासून बसवली जात आहे. पण यांत्रिक झडपेची घडी होत नाही, त्यासाठी छाती उघडावीच लागते. शिवाय रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते, आणि पंचाऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला तर ते औषध मेंदूतील रक्तस्राव वाढवू शकते. दोन्ही पद्धतींत वापरले जाणारे हेपॅरिनही बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून मिळते. म्हणून ‘यांत्रिक घेतली की प्रश्न सुटला’ असे मानता येत नाही. कोणी हे स्वीकारतील, कोणी नाकारतील. पण रुग्णाला पहिल्याच भेटीत हे माहीत असणे हा त्याचा हक्क होय.

टावीनंतर अन्य आजार नसल्यास रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बहुधा एकच गोळी दिली जाते. चौविहार पाळणाऱ्यांनी तिची वेळ सूर्यास्तापूर्वी ठेवता येईल का, हे रुग्णालयातून निघण्याआधीच विचारून घ्यावे.